वजाबाकी नको, भागाकार करा

उपग्रहाच्या फोटोत किनारा शोधणं म्हणजे काय मोठंसं? निळं ते पाणी, हिरवी-तपकिरी ती जमीन. पण ऐन पावसाळ्यात ढगांखालचं कसं दिसणार? तिथे रडार लागतं, आणि रडारच्या चित्रात रंग नसतातच. किती लहरी परत आल्या, एवढंच. संथ पाणी त्या आरशासारख्या पलीकडे उडवतं म्हणून काळं. खडबडीत जमीन थोड्या मागे पाठवते म्हणून उजळ.

जून १९७८ मध्ये नासाने सीसॅट सोडला. नागरी वापरासाठी अवकाशात गेलेलं पहिलं सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार त्याच्यावर होतं. बिचारा १०५ दिवसांत शॉर्टसर्किटने गेला, पण त्याची चित्रं अभ्यासकांना पुढे कित्येक वर्षं पुरली. अशा चित्रांवर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. त्यांना 'स्पेकल' म्हणतात. गंमत म्हणजे हा यंत्राचा बिघाड नव्हे. एकाच ठिपक्यात असंख्य दगडा-पानांवरून आलेल्या लहरी मिसळतात. कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे पुसून टाकतात.

खरी मेख पुढेच आहे. ही खरखर उजळ भागात जास्त असते, काळ्यात कमी. कडा शोधायची नेहमीची रीत म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची वजाबाकी; फरक मोठा, तिथे कडा. त्यामुळे जमिनीवर जागोजागी खोटे किनारे उगवायचे! १९८८ मध्ये तूझी, लोपेस आणि बूस्के यांनी दाखवलं की दोन्ही बाजूंच्या सरासऱ्यांचा भागाकार करावा. खरखर उजेडाच्या पटीत वाढते ना, मग गुणोत्तरात तो उजेडच छेदला जातो. चौथीच्या गणितातलं उत्तर, आणि मला ते भलतंच आवडतं. १९९० मध्ये ली आणि जर्केविच यांनी आधी कण गुळगुळीत करून, मग कडा शोधून, त्या कडेकडेने चालत अख्खी किनाररेषा काढायची पद्धत मांडली.

तरी वारा सुटला की पाण्यावर बारीक लाटा उठतात, पाणीही उजळतं आणि किनारा गायब!

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला. अशा वेळी ढगांतून आरपार बघणारं रडार कामाला येतं. शेतात पसरलेलं पाणी त्यात छान काळं उठून दिसतं. गावात मात्र लहर पाण्यावरून भिंतीवर आपटते आणि सरळ माघारी येते, म्हणून बुडालेली गल्ली काळी न दिसता चकाकते. नकाशात ती कोरडी. आत माणसं माळ्यावर बसलेली.