गिरणीत आजोबा होते. आणि आजी?

आपल्या कोकणात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. "आजोबा मुंबईला गिरणीत होते." आणि आजी? "ती काही नाही, घरीच."

या 'घरीच'चा हिशेब कधी कुणी मांडला नाही.

१८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची तरणी माणसं मुंबईला लागली. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे. त्या पगारात बिऱ्हाड करणं बहुतेकांना परवडत नव्हतं, म्हणून बायको गावी. लावणी, कापणी, गुरं, पोरं, सासू-सासरे, सगळं तिच्या अंगावर. नवरा येणार शिमग्याला, नाहीतर गणपतीला. मनीऑर्डरीवर घर चाललं, असं आपण म्हणतो. खरं तर मालकाला कमी पगारात माणूस मिळायचा, कारण गावी ही राबत होती.

मुंबई गाठलेल्या बायांत विधवा, नवऱ्याने टाकलेल्या पुष्कळ. त्यांना काम मिळे वाइंडिंग, रिळिंग खात्यात. १९२० च्या दशकात गिरण्यांत साधारण पाचांत एक कामगार बाई होती. बायकांना रात्रपाळीची बंदी होती, १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. दोन्ही कायदे बाईच्या भल्याचेच. पण मालकांना बाई महाग वाटू लागली. नवी यंत्रं आली तशी पहिली कात्री बायकांच्या खात्यांवर लागली.

गिरणीबाहेर राहिलेल्यांनी खानावळी चालवल्या. पहाटे उठून दहा-वीस जणांचं जेवण रांधायचं, पैसे महिनाअखेर. तोवर धान्य उधार, त्यावर सावकाराचं व्याज. संप झाला की उधारी हिच्याच डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे या बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. जेवणारे गावी परतले आणि चुली थंडावल्या.

आता गिरणी कामगारांच्या घरांचं बघा. त्यासाठी गिरणीच्या हजेरीपटावर नाव लागतं. कामगाराची विधवा म्हणून बाईला घर मिळू शकतं. पण वीस-वीस वर्षं कामगार पोसले, म्हणून खानावळवालीला काही मिळत नाही, कारण तिचं नाव कुठल्याच पटावर नाही.

त्या पिढीतल्या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्यात. तुमच्या घरात, वाडीत कुणी असेल तर जाऊन विचारा. किती जणांचं रांधायची, पैसे कुणाच्या हातात पडायचे, गावची शेती कोण करायचं, सगळं नावानिशी वहीत उतरवून ठेवा. सरकारच्या पटावर नाही, तर निदान आपल्या घरच्या वहीत तरी ती नावं राहतील.