रुपयाची मोड आणि वजाबाकी

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती लागू होईपर्यंत हिशेबाच्या वहीत रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने असत. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असल्यामुळे वजाबाकी करणाऱ्याला प्रत्येक रकान्यात वेगळ्या पटीने मोड करावी लागे. सात रुपये तीन आणे चार पै यांतून दोन रुपये दहा आणे सात पै वजा करताना चारांतून सात जात नाहीत, म्हणून एक आणा मोडून बारा पै घ्याव्या लागत. मग उरलेल्या दोन आण्यांतून दहा जात नाहीत, म्हणून एक रुपया मोडून सोळा आणे घेतले जात आणि बाकी चार रुपये आठ आणे नऊ पै येई. यात मूळ रकमेचे मोल तसूभरही बदलत नाही. तीच रक्कम सहा रुपये अठरा आणे सोळा पै अशी मांडली जाते. संख्येचे मूल्य कायम ठेवून तिचे गट नव्याने बांधण्याच्या या क्रियेला पुनर्गटन म्हणतात.

भागाकारात हीच क्रिया वरून खाली चालते. वरची रक्कम चौघांत वाटताना प्रत्येकी एक रुपया देऊन तीन रुपये उरतात. त्यांचे अठ्ठेचाळीस आणे हाताशी असलेल्या तीन आण्यांत मिळवले की एक्कावन्न होतात, प्रत्येकी बारा आणे देऊन तीन उरतात, त्यांच्या छत्तीस पै आणि मूळच्या चार मिळून चाळीस होतात, आणि प्रत्येकाचा वाटा एक रुपया बारा आणे दहा पै ठरतो. उरलेला रुपया मोडता आला नाही, तर वाटणी तिथेच अडते.

ही समज फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११५० च्या आसपास रचलेल्या ‘लीलावती’त वीस वराटकांची (कवड्यांची) एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क ही कोष्टके आरंभीच दिली आहेत, कारण मोड किती पटीने करायची हे ठाऊक असल्याशिवाय पुढचे व्यवहारगणित उभेच राहत नाही.

दशमान पद्धतीत प्रत्येक घरी पट दहाचीच असल्याने श्रम निश्चितच वाचले, परंतु अंकाच्या डाव्या बाजूस यांत्रिकपणे एक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण एक दशक सुटा केला आहे हे कळलेच असेल असे नाही; बारा आणि सोळा यांतला भेद मात्र काय मोडले जात आहे हे विचारायला भाग पाडत असे. खुद्द स्थित्यंतराच्या काळात हा प्रश्न बाजारात उभा राहिला, कारण शंभर नव्या पैशांच्या रुपयात एका आण्याचे सव्वासहा पैसे होत आणि पाव पैशाचे नाणे नसल्याने चार, आठ आणि बारा आणे तेवढे पूर्ण पैशांत बसत.