दोन देशमुखी वाडे: मोसे आणि कारी

पानशेतला आलेला माणूस दोन धरणं बघतो. आंबी नदीवरचं पानशेत आणि शेजारचं मोसे नदीवरचं वरसगाव. वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. ते उगीच दिलेलं नाही. मोसे खोऱ्याचे देशमुख असलेल्या पासलकरांचं मोसे बुद्रुक गाव याच पाण्याखाली गेलं. आज बोलायचंय ते त्यांच्या वाड्याबद्दल, आणि त्याच्याशी सोयरीक असलेल्या दुसऱ्या वाड्याबद्दल. तो म्हणजे भोर तालुक्यात, रायरेश्वराच्या परिसरात असलेल्या कारी गावचा जेधे देशमुखांचा वाडा.

देशमुखाचा वाडा म्हणजे नुसतं राहतं घर नव्हे. खोऱ्यातल्या गावांचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, तंटे गोतसभेपुढे मिटवायचे, वेळ पडली की आपली माणसं घेऊन लढाईला जायचं, हा सगळा कारभार तिथून चाले. त्याबदल्यात वतन आणि मानपान. आणि वतन म्हटलं की भाऊबंदकी आलीच!

जेध्यांच्या घरात ती रक्तापर्यंत गेली. नाईकजी जेधे भावांकडून मारले गेले. तान्ह्या कान्होजीला देवजी महाला यांनी वाचवलं आणि पुढे तो मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आश्रयाला आला. बाजींनी त्याला वाढवलं, आपली मुलगी सावित्रीबाई दिली. हेच कान्होजी पुढे शिवरायांचे भरवशाचे सरदार झाले.

फत्तेखानाच्या स्वारीत बाजी पासलकर सासवडजवळ पडले. त्याच स्वारीत कान्होजींचे पुत्र, म्हणजे पासलकरांचे नातू बाजी जेधे यांनी निशाण वाचवलं आणि ‘सर्जेराव’ हा किताब मिळवला. हा किताब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग अफजलखान आला. १६ जून १६५९ चं आदिलशाही फर्मान कान्होजींना आलं: खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. शेजारचे उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी मात्र मुलांना घेऊन राजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. आता विचार करा, ज्या वतनापायी बाप मारला गेला, तेच वतन या माणसानं एका शब्दावर सोडलं.

पण घराणं टिकलं आणि कारीच्या वाड्यात कागदही टिकले. वतनदार कागद का जपतो? उद्या कोणी दावा सांगितला तर पुरावा हवा म्हणून. त्या दप्तरात घराण्याची हकीकत सांगणारा करीना होता आणि एक शकावली होती. शकावली म्हणजे कोणत्या साली काय घडलं याची टिपणं. इ.स. १६१८ पासून १६९७ पर्यंतची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारीचे दयाजीराव सर्जेराव देशमुख यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली. बघा, आडनावाशी तोच किताब! १९१६ साली ती भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापली गेली आणि अभ्यासकांत खळबळ उडाली. बखरींवरून शिवजन्माचं साल शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७ धरलं जाई. शकावलीत होतं: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. वाद बरीच वर्षं चालला. पण कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी निघाली. आज शिवजयंतीची सरकारी सुट्टी असते ती याच तारखेला.

म्हणून म्हणतो, वाड्याचं मोल त्याच्या चौकांवरून आणि तुळयांवरून मोजू नका. मोसेचा वाडा गेला, पण तिथं आसरा मिळालेल्या पोराच्या घराण्यानं महाराष्ट्राला एक तारीख दिली. आणि ती ज्या पानावर होती, ते कोणी इतिहासासाठी जपलेलं नव्हतं, घरचं दप्तर म्हणून जपलं होतं.

या खोऱ्यांत अजूनही कितीतरी घरांच्या माळ्यावर मोडीतली रुमालं बांधून ठेवलेली असतील. घर पाडताना, नवीन बांधताना ती रद्दीत घालू नका. आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा. तुम्हाला वाटेल, असेल काहीतरी शेतसाऱ्याचं. असेलही. पण कारीकरांच्या दप्तराकडे बघूनही कुणाला तसंच वाटलं असतं.