साथीचा कायदा आणि रुग्णाचा हक्क

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच महसूल विभागातल्या नंदुरबारमध्ये त्याच दिवसांत प्राणवायू पुरून उरत होता. तेव्हा सगळ्यांनी विचारले, ‘नंदुरबारला हे कसे जमले?’ जुन्या कागदपत्रांत रमणाऱ्या मला मात्र वेगळा प्रश्न पडला : तो प्राणवायू रुग्णाला हक्काने मिळाला, की नशिबाने?

उत्तरासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. नंदुरबार, तळोदा, शहादा हे तालुके तेव्हा अखंड खानदेश जिल्ह्यात होते. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा, तिसऱ्यात ते मोडणाऱ्याला शिक्षा आणि चौथ्यात अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. आजारी माणसाला औषध मिळेल, खाट मिळेल, असे एक अक्षरही त्यात नाही. पुण्यात सोजिरांनी घरे कशी तपासली आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी का झाडली गेली, हे शाळेतल्या पुस्तकातही आहे. पण ज्या कायद्याच्या आधारे हे घडले, तोच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. त्याच वर्षी दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आली. ते योग्यच झाले. रुग्ण मात्र कायद्याबाहेरच राहिला.

आता नंदुरबारकडे येऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभरात सुमारे ६९ माणसे आदिवासी. पहिल्या लाटेत दिवसाची रुग्णसंख्या दोनशेच्या आत असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, इथे हवेतून प्राणवायू वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभा राहिला. पुढच्या मार्चपर्यंत आणखी दोन झाले. अशा यंत्राला टँकरची वाट पाहावी लागत नाही. दुसऱ्या लाटेत रोजचा आकडा हजारापुढे गेला, तेव्हा या दूरदृष्टीचे मोल कळले. रुग्णाच्या रक्तातले प्राणवायूचे प्रमाण पुन्हा पुन्हा तपासून प्रवाह कमी-जास्त करणारी ‘ऑक्सिजन नर्स’ ही कल्पनाही इथलीच. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः वैद्यक शिकलेले आणि साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबातले. त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण हक्क अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर बदलत नसतो. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याचा हक्क नाकारणे. पैसा नाही, ही सबब चालणार नाही. त्याला २५ हजारांची भरपाई मिळाली. या न्यायाने पाहिले तर नंदुरबारचा प्राणवायू ही कुणाची मेहेरबानी नव्हती, ते शासनाचे कर्तव्य होते. नवल एवढेच की ते इथे वेळेवर पार पडले.

या कर्तव्याची खरी परीक्षा नंदुरबार शहरात होत नाही, ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत होते. सरदार सरोवराच्या बुडितात या तालुक्यांतली ३३ गावे आली. नर्मदाकाठच्या पाड्यांवर आजही दवाखाना बोटीतून जातो. शहरात प्राणवायू कितीही असो, पाड्यावरचा रुग्ण वेळेत तिथवर पोहोचला नाही, तर त्याच्यापुरता तो नसल्यासारखाच.

राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा नाही. साथ आली की आपण १८९७ च्याच कायद्याकडे वळतो. पुढची साथ येईल तेव्हा या चार कलमांच्या जोडीला पाचवे कलम हवे, रुग्णाचे. ते सातपुड्यातल्या शेवटच्या पाड्यावरच्या माणसाला समोर ठेवून लिहिले, तर बाकीचे सगळे आपोआप त्यात सामावतील.