चवदार तळे, रोहिणी आणि धर्मचिकित्सा

श्रद्धा आणि विज्ञान यांचा मेळ बसतो काय, हा प्रश्न येथील मध्यमवर्गीय परिसंवादांत नेहमी रंगतो. एक वक्ता न्यूटनही देव मानीत होता असे सांगतो, दुसरा गॅलिलिओचा छळ सांगतो, अध्यक्ष दोघांनाही थोडे थोडे खरे ठरवितात आणि सभा चहाकडे वळते. ह्या चर्चेत महाड कधी येत नाही. आमच्यासाठी मात्र हा प्रश्न पाण्यापासून सुरू झाला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. नगरपालिकेने ते तळे १९२४ सालीच ठरावाने खुले केले होते. मुसलमान तेथे पाणी भरीत, त्याने तळे बाटत नव्हते. आमच्या स्पर्शाने बाटले. मग शुद्धी झाली. १०८ घागरी, पंचगव्य, मंत्रघोष. माणसाच्या हाताने अपवित्र झालेले पिण्याचे पाणी गाईच्या शेणामुताने पवित्र झाले! येथे सनावळी ध्यानात घ्यावी लागते. रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात १८८४ साली दाखविला होता. हाफकिनने प्लेगची लस १८९७ साली मुंबईत स्वतःला टोचून घेतली होती. म्हणजे रोग कशाने होतो आणि पाणी कशाने नासते, हे ज्ञान महाडच्या कितीतरी आधी ह्याच देशात सिद्ध झालेले होते. शिकलेला माणूस परीक्षेत जंतू लिहीत होता आणि घरी येऊन विटाळ पाळीत होता. त्यात त्याला कसलीही अडचण वाटत नव्हती.

म्हणून विज्ञान शिकले की अंधश्रद्धा आपोआप जाते, ही आपल्या पुरोगामी मित्रांची समजूत मला भाबडी वाटते. विटाळाच्या मुळाशी केवळ अज्ञान असते, तर ते प्रयोगशाळेत संपले असते. त्याच्या मुळाशी हितसंबंध होते.

सनातन्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि आहे, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. जे शतकानुशतके गृहीत धरले गेले होते, त्याचा पुरावा मागताच ते उभे राहू शकले नाही.

पुरावा मागण्याचीच तर ह्या धर्मव्यवस्थेत बंदी होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील अकरावा श्लोक सांगतो, की हेतुशास्त्राचा आधार घेऊन जो द्विज श्रुति-स्मृतींचा अवमान करील त्याला बहिष्कृत करावे; तो नास्तिक होय. हेतुशास्त्र म्हणजे तर्क. द्विजाने तर्क केला तरी बहिष्कार, मग शूद्रातिशूद्रांची काय कथा? लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमके ह्याच बंदीवर बोट ठेवले. हिंदू माणूस जातीच्या बाबतीत विचार करीत नाही, कारण त्याच्या शास्त्रांनी विचाराला जागाच ठेवलेली नाही, हा त्यांचा मुद्दा. मग धर्म सोडूनच द्यावा काय? बाबासाहेबांनी तसे म्हटले नाही. समाजाला नीतीचा आधार लागतो असे ते मानीत. त्यांना तर्काच्या कसोटीस उतरेल असा धर्म हवा होता.

ही कसोटी त्यांनी स्वीकारलेल्या धम्मालाही लावली, हे आपण विसरतो. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच प्रश्न आहे : एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने तोवर म्हातारा, रोगी किंवा प्रेत पाहिलेच नसेल हे शक्य आहे काय? परंपरेतील सर्वांत लाडकी कथा त्यांनी नाकारली. धर्मानंद कोसंबींनीही ती पूर्वी नाकारली होती. त्याऐवजी बाबासाहेबांनी शाक्य आणि कोलीय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंटा घेतला. सिद्धार्थ संघात युद्धाला विरोध करतो, बहुमत त्याच्याविरुद्ध जाते, म्हणून तो घर सोडतो. चवदार तळ्यावर पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस बुद्धाच्या चरित्रात पुन्हा पाण्यापाशीच जावा, हा योगायोग मला वाटत नाही.

आता अवघड भाग. पुनर्जन्माच्या प्रकरणात बाबासाहेब आत्मा नाकारतात, मागच्या जन्मीच्या कर्माने ह्या जन्मीचे दारिद्र्य ठरते हेही नाकारतात. कारण उघड आहे. ते मान्य केले की अस्पृश्यता न्याय्य ठरते. परंतु पुढे ऊर्जा नष्ट होत नाही ह्या शास्त्रीय नियमाचा आधार घेऊन ते महाभूतांचा पुनर्जन्म मांडतात. मला हा युक्तिवाद दुबळा वाटतो. चितेची उष्णता हवेत मिसळते, एवढेच तो नियम सांगतो. त्याला जन्म म्हणण्याचे कारण नाही. वर्गात मी हे बोललो तेव्हा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, तुम्ही बाबासाहेबांना खोडून काढता?” प्रश्न रागाचा होता आणि त्याचा राग मला समजतो. ज्यांची नावे घेऊन आम्ही शाळेत शिरलो, त्यांच्याविषयी असे बोलताना माझीही जीभ अडखळते. मी त्याला प्रास्ताविक वाचायला दिले. आपल्या प्रश्नांनी वाचकांनी पुढे यावे आणि उत्तरे शोधण्यास हातभार लावावा, अशी अपेक्षा बाबासाहेबांनी तेथे लिहून ठेवली आहे.

आमच्या वस्तीतील विहारात हा ग्रंथ निळ्या कापडात गुंडाळून मूर्तीपाशी ठेवलेला असतो. त्यावर फुले वाहतात. गेल्या वर्षावासात मी तो वाचनासाठी उचलला, तेव्हा एका आजींनी मला थांबविले आणि आधी हात धुऊन यायला सांगितले. मी नळावर जाऊन हात धुतले. मग पोरांना पुनर्जन्माचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखविले, आणि आजी शेवटपर्यंत बसून ऐकत होत्या.