मागे बसलेला स्वर

‘ड्रोन’ म्हटलं की हल्ली आपली मान वर जाते. लग्नाच्या मांडवावर घोंघावणारा कॅमेरा कुठे दिसतोय ते आपण शोधू लागतो. इंग्रजीत हा शब्द नर मधमाशीचा. तिच्या गुणगुणण्यावरून संगीतातल्या अखंड लांबवलेल्या स्वरालाही तेच नाव पडलं. आपल्याकडे हा स्वर इतका घरचा की त्याचं वेगळं बारसं करावं असं कुणाला वाटलं नाही. शाहिराच्या मागचं तुणतुणं, वारकऱ्याच्या खांद्यावरची एकतारी, सनईवाल्याशेजारी गाल फुगवून तासभर एकच सूर धरणारा माणूस, ही सगळी त्याचीच भावकी. या सगळ्यांत थोरला अर्थातच तंबोरा. आणि या थोरल्याची जागा कायम मागच्या रांगेत.

तो एकदा पुढे आला. न्यूयॉर्कच्या ला माँट यंग आणि मेरियन झझीला या दांपत्याने १९८२ साली नुसते तंबोरे छेडले आणि ते ध्वनिमुद्रण १९९९ साली सीडी म्हणून बाहेर आलं. नाव, ‘द तंबुराज ऑफ पंडित प्राणनाथ’. तासाभराहून अधिक वेळ फक्त तंबोरा. ना गाणारा, ना तबला, ना समेवर ‘वाहवा’. ही सीडी मी घरी लावली तेव्हा मावशी दहाएक मिनिटं शांत बसली आणि मग म्हणाली, “बुवा अजून आले नाहीत का रे?”

बुवा आले होते, पण गुरू म्हणून. पंडित प्राणनाथ हे किराणा घराण्याचे. जन्म १९१८, लाहोरचा. लहानपणीच घर सोडून त्यांनी उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची सेवा पत्करली, आणि पुढे काही वर्षं डेहराडूनजवळच्या टपकेश्वरच्या गुहेत बैरागी होऊन गात राहिले. अब्दुल वहीद खाँ म्हणजे ख्यालाची लय पार संथ करणारे, एकेका स्वराशी मुक्काम ठोकणारे गवई. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ हे घराण्याचं दुसरं मोठं नाव. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनाही तालीम मिळाली ती वहीद खाँसाहेबांची. म्हणजे हिराबाई आणि प्राणनाथ गुरुबहीण-गुरुबंधू झाले. आपल्या घराणेशाहीच्या हिशेबाने बघायचं तर न्यूयॉर्कचा यंग हा हिराबाईंचा भाचाच लागतो. हा हिशेब मला भारी आवडतो. पण त्यावरून ‘ड्रोन संगीत आपणच त्यांना दिलं’ अशी छाती फुगवू नये, कारण तारखा तसं म्हणत नाहीत.

यंगचा जन्म १९३५ सालचा, आयडाहोतल्या बर्न या खेड्यातला, लाकडी ओंडक्यांच्या घरातला. फटींतून शिरणारा वारा आणि विजेच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण या आपल्या पहिल्या आठवणी असल्याचं तो सांगत आला. १९५८ मध्ये त्याने तीन तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. तिच्यात स्वर इतके लांब की ऐकणाऱ्याने घड्याळ काढून ठेवावं. १९६० ची त्याची एक रचना तर दोनच स्वरांची आहे, आणि ते दीर्घकाळ धरावेत एवढीच सूचना. ते दोन स्वर कोणते? एकमेकांपासून बरोब्बर षड्ज-पंचमाच्या अंतरावर असलेले. तोवर अली अकबर खाँ यांची १९५५ ची अमेरिकेतली तबकडी त्याने ऐकली होती, सरोदमागचा तंबोरा त्याच्या कानात होता. प्राणनाथांच्या आवाजाच्या फिती हाती लागल्या त्या १९६७ साली, आणि गुरू अमेरिकेत आले ते १९७० मध्ये. आधी स्वर सापडला, मग गुरू.

साठच्या दशकात यंगच्या घरी जमणाऱ्या मंडळींत टोनी कॉनराड व्हायोलिन वाजवी, जॉन केल व्हायोला. त्यांचा षड्ज कुठला, तर अमेरिकेतल्या विजेचा. तिथली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, तिची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी पडते. आपली वीज ५० ची. रात्री घर निजलं की फ्रीजकडे कान द्या, तो पांढरी पाचच्या थोडा वर खर्ज धरून बसलेला असतो. हीच मंडळी पुढे फुटली. केल ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’मध्ये गेला आणि तो लांबलचक स्वर त्याने रॉकमध्ये नेऊन बसवला. कॉनराड आणि यंग यांचं जुन्या ध्वनिफितींच्या मालकीवरून जे बिनसलं ते अखेरपर्यंत. एकच स्वर धरणाऱ्यांचं जमलं नाही, तर तो कुणाचा यावरून.

प्राणनाथांकडे शिकलेल्या गोतावळ्याच्या तबकड्या एकामागून एक ऐकल्या की कुणी काय उचललं ते लख्ख कळतं. यंगची १९७४ ची ‘ड्रीम हाउस’ घ्या. तबकडीच्या पूर्ण नावातच तिची लांबी आहे, ७८ मिनिटं १७ सेकंद. एका बाजूला यंग आणि झझीला यांचे आवाज, ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि यंत्रातून काढलेले शुद्ध स्वरतरंग. दुसऱ्या बाजूला नुसते तरंग. इथे तुम्ही खोलीत दोन पावलं सरकलात की स्वर बदलतो. खरं तर तो तिथेच असतो, भिंतींवरून परतणाऱ्या लाटा जागोजागी कमीजास्त होतात. थंड आहे ही तबकडी. मला तिच्याबद्दल आदर वाटतो, ओढ नाही.

पण तिच्यातला ट्रंपेटवाला पाहा, जॉन हॅसल. त्याने गुरूचा गळाच धरला. पितळी वाद्यावर प्राणनाथांची मींड उतरवायची म्हणून ओठांनी वर्षानुवर्षं झगडला. १९७७ च्या ‘व्हर्नल इक्विनॉक्स’मध्ये त्याचं ट्रंपेट ट्रंपेटसारखं वाजतच नाही, कुणीतरी अर्धवट झोपेत आलाप करतंय असं वाटतं. माझ्या मते खरा गंडाबंध शागीर्द तोच. टेरी रायलीने ऑर्गनवर आवर्तनं फिरवली. त्याच्या ‘पर्शियन सर्जरी डर्विशेस’मध्ये स्वर थांबत नाहीत, गिरक्या घेतात. (‘द हू’ या रॉक गटाच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्यातला रायली हाच, आणि बाबा म्हणजे आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा.) स्वीडनची गणितज्ञ कॅथरीन क्रिस्टर हेनिक्स हिने तर मुलतानीच उचलला. १९७६ साली स्टॉकहोममध्ये तिने शुद्ध गुणोत्तरांत लावलेल्या विजेच्या पेट्यांवर तो वाजवला. ती तबकडी निघायला २०१० उजाडलं. मुलतानीची संध्याकाळ त्यात शोधू नका, रागाचे स्वर भिंगाखाली ठेवल्यासारखे थरथरताना ऐकू येतात.

आणि इंग्लंडचा संगीतकार ब्रायन ईनो? तो या घराण्यातला नाही, पण सोयरा खरा. १९७५ च्या सुरुवातीला अपघातानंतर तो अंथरुणाला खिळला होता. एका मैत्रिणीने आणलेली हार्पची तबकडी लावली, तर आवाज फारच बारीक आणि एक स्पीकर बंद. उठण्याची ताकद नव्हती, म्हणून पावसाच्या आवाजात ते जेवढं कानावर आलं तेवढंच तो ऐकत राहिला. त्यातून ‘अँबियंट’ हे नाव आणि १९७८ ची विमानतळासाठीची तबकडी आली. लक्ष दिलं तर ऐकावं, न दिलं तरी चालावं असं संगीत. पुढे १९८० साली हॅसल आणि ईनो यांनी मिळून तबकडी काढली. पण लक्ष न देता ऐकायचं वाद्य आपल्या गवयाच्या मागे कधीपासून चालूच होतं की.

तंबोऱ्याचा स्वर असा मागे भरून राहतो तो घोडीमुळे. ती रुंद, वरून किंचित उतरती असते, तार तिला टेकून न बसता चाटून जाते. मध्ये सुताचा दोरा. तो केसभर पुढेमागे सरकवला की जवारी खुलते, आणि खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार उमलतो. सर चंद्रशेखर रामन यांनी १९२१ सालीच दाखवलं होतं की तार जिथे छेडू तिथे जे स्वरांश दबायला हवेत, तेही तंबोऱ्यात ठणठणीत वाजतात. मिरजेच्या शिकलगारांना हे हातांनी ठाऊक होतं. हत्यारांना धार लावणारी ही मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाद्यांकडे वळली. पंढरपूरकडचा भोपळा कसा निवडायचा, जवारी किती घासायची, हे त्यांच्या घरात मुरलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मधल्या काळात मैफलीत मात्र तंबोऱ्याचा स्वर देणारी विजेची डबी आली, आणि तंबोऱ्यावर बसणाऱ्या शिष्याला निदान मांडी दुखण्यापासून सुटका मिळाली.

तर सीडी चालू होती. मावशी उठली, कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची खोळ काढली. मिरजेचाच, तिच्या आईचा. भोपळ्याला केसाएवढी चीर आहे, ती लाखेने बुजवलेली. मावशी जोडीच्या तारा आपल्या काळी चारला लावत बसली. मणी खालीवर केले, दोरा नखाने जरा सरकवला. सीडीतला षड्ज भलत्याच ठिकाणी, हिचा भलत्याच. खोली दोन षड्जांमध्ये कुरकुरायला लागली. खर्ज लागला, आणि तिने डोळे न उघडता माझ्या दिशेने हात केला.

“आता ते बंद कर.”