जिनिव्हाचा नकार

संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्यालय जिनिव्हात. पण ज्यांच्या अंगणात हे बिऱ्हाड, ते स्वित्झर्लंड २००२ पर्यंत सदस्यच नव्हतं!

आधीच्या राष्ट्रसंघात जायला याच लोकांनी १६ मे १९२० रोजी कौल दिला होता. मतं ५६ टक्के, कँटन मात्र साडेअकरा विरुद्ध साडेदहा. (कँटन म्हणजे त्यांची घटक राज्यं, काहींचं मत निम्मं धरतात.) लष्करी निर्बंधांतून सूट होती, आर्थिक निर्बंध पाळायचे होते. मुसोलिनीने इथिओपियावर चढाई केली तेव्हा शेजारच्या इटलीशी वाकडं घ्यायची वेळ आली. १९३८ मध्ये त्यांनी तीही अट काढून घेतली.

पुढे १९८६ चं सार्वमत. सरकार अनुकूल, संसद अनुकूल; लोकांनी सुमारे ७६ टक्के मतांनी प्रस्ताव फेटाळला. एकही कँटन बाजूने नाही. याला कुणी ‘जगाकडे फिरवलेली पाठ’ म्हणतं. मला नाही पटत. युनेस्कोत हा देश १९४९ पासून होताच की! मतपत्रिकेवर फक्त हो किंवा नाही लिहिता येतं, कारण लिहायला जागा नसते. सहकार्य हवंच होतं. सुरक्षा परिषदेच्या हुकमाखाली तटस्थता टिकेल का, ही धास्ती होती.

मग १९९० मध्ये सदस्य नसतानाही त्यांनी इराकवरचे निर्बंध आपणहून लावले. धास्तीची धारच गेली. ३ मार्च २००२ ला ५४.६ टक्के होकार मिळाला, कँटन बारा विरुद्ध अकरा. अर्ध्या मताचं एक कँटन फिरलं असतं, तरी बरोबरी होऊन प्रस्ताव पडला असता.